मामांची फुकटची रूम: कॅसिनो काय देतो आणि कशाच्या हिशोबानं देतो

मामा गोव्याहून २२,००० जिंकून आले तरी कॅसिनोनं त्यांना रूमचं बिल लावलं नाही, इथून हे सगळं प्रकरण सुरू झालं. त्यांच्या डोक्यात बसलं होतं ते असं, की जिंकलेल्या माणसालासुद्धा हे लोक रूम, जेवण, दारू फुकट देतात म्हणजे यांना पैशाचं काही पडलेलं नाही, आणि आपल्याला ते व्हीआयपी समजतात. "हरलेल्याला दिली असती तर कळलं असतं की रे, डोळे पुसायला देत्यात म्हणून. जिंकलेल्याला कशाला देतील? तूच सांग." प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र त्यांना वाटत होतं त्याच्या नेमकं उलटं निघालं.

आधी माणूस सांगतो. मामा पन्नाशी ओलांडलेले, बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉप, दोन सीएनसी आणि काही जुन्या लेथ, फाउंड्रीवाल्यांकडून कास्टिंग येतं त्याचं टर्निंग-ड्रिलिंगचं जॉबवर्क. धंद्यात एकदम कडक, पिसामागं दहा पैसे कमी देणाऱ्या पार्टीला गेटवरूनच परत पाठवतील. मी त्यांचा जीएसटी आणि हिशोब बघतो, त्यामुळं खिशातून बाहेर गेलेला पैसा कुठून गेला हे मला कळतंच. ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय आणि आकडे गोल केलेत, पण हिशोबाचा सांगाडा खराच आहे.

गोव्याला जाणं आपल्याकडं काही विशेष नाही. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरलं की साखळी आणि मग पणजी, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माशाचं ताट समोर. कर्नाटकात कॅसिनो नाहीत, गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आणि १९९६ च्या दुरुस्तीनं पाण्यावरच्या जहाजावर टेबलं लावायला वाट मिळाली, म्हणून मांडवीत ती दिव्यांची जहाजं उभी असतात. गंमत म्हणजे मामा तिथं खेळतात तो मुख्य गेम अंदर बाहर, म्हणजे जत्रेच्या मागं शेतात बॅटरीच्या उजेडात खेळला तर कर्नाटक पोलीस कायद्याखाली दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं तोच. घाट उतरला की तोच गेम एसीत, कोटवाल्या डीलरकडून, आणि वर जेवण.

आता प्रकरणातली ती एक रात्र. २०२३ चा उन्हाळा, म्हणजे चिपच्या (टेबलावर पैशाऐवजी लावायच्या टोकनच्या) पूर्ण रकमेवरचा जीएसटी यायच्या आधीची, त्याचं पुढं बोलतो. मामा आणि दोन मित्र गेले. मामांनी खिशात ६०,००० ठेवले होते. अंदर बाहर पाच तास, एका डावाला सरासरी २,०००. मग कंटाळा आला म्हणून रुलेट, म्हणजे आकड्यांच्या चाकाचा गेम, दीड तास, एका फेरीला १५ आकड्यांवर शंभर-शंभर, म्हणजे १,५००. पहाटे उठले तेव्हा ३८,००० गेलेले. आणि आल्यावर त्यांचा हिशोब असा: रूमचा बोर्डावरचा रेट ७,५००, जेवण आणि व्हिस्की धरा ३,०००, पुढच्या वेळचं एंट्री पॅकेज फुकट तेही ३,०००, झाले १३,५००. "म्हणजे खरं तर साडेचोवीसच हरलो, आणि मागच्या खेपेला बावीस जिंकलेलो, म्हणजे दोन ट्रिपा मिळून अडीच हजारात गोवा. स्वस्त हाय की!"

ऐकायला झकास वाटतं. पण यात प्रत्येक आकडा चुकीच्या जागी बसलाय.

पहिली गोष्ट, कॅसिनो तुम्ही हरला किती हे बघून रूम देत नाही. टेबलामागं जो फ्लोअरवाला सुपरवायझर फिरत असतो तो तुमच्या नावापुढं दोनच गोष्टी लिहितो, सरासरी किती लावतोय आणि किती वेळ बसलाय. तासाला किती डाव होतात आणि त्या गेमचा हाऊस एज, म्हणजे लावलेल्या पैशातला कॅसिनोचा सरासरी कट, किती हे त्यांच्या सिस्टीममध्ये आधीच असतं. चारही गुणायचं: सरासरी बेट, तासाचे डाव, तास, हाऊस एज. जो आकडा येतो त्याला त्यांच्या धंद्यात थिओरेटिकल लॉस किंवा नुसतं 'थिओ' म्हणतात, म्हणजे हिशोबानं तुम्ही जेवढं हरायला पाहिजे तेवढं. आज रात्री पत्त्यांनी काय केलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

मामांना हे एका मिनिटात समजलं कारण ते स्वतः रोज हेच करतात. जॉबचं कोटेशन देताना सायकल टाइम गुणिले पीस गुणिले मशीनचा रेट असंच काढतात, एखाद्या दिवशी टूल तुटलं आणि चाळीस पीस रिजेक्ट झाले म्हणून पार्टीला दुसऱ्या दिवशी वेगळा रेट सांगत नाहीत, कारण महिन्याला सरासरी कुठं येऊन बसणार हे त्यांना माहीत असतं. कॅसिनोनं मामांचं कोटेशन काढलंय एवढंच. म्हणून जिंकलेल्या रात्री पण रूम मिळाली. त्या रात्री मामा तेवढेच तास बसले होते आणि तेवढंच लावत होते, त्यामुळं कॅसिनोच्या वहीत ते नेहमीसारखेच सतरा हजारांचं गिऱ्हाईक होते. बावीस हजार घेऊन गेलेला माणूस ही त्यांच्यासाठी रोजची बाब आहे, तो परत यावा एवढंच त्यांना पाहिजे, आणि त्याला परत आणायला फुकटच्या रूमसारखं औषध नाही.

सतरा हजार कुठून आले ते बघा. अंदर बाहरमध्ये आधी एक पान उघडतात, मग एक अंदर एक बाहर असं वाटत जातात, त्याच नंबरचं पान ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. उरलेल्या ५१ पानांत तशी ३ पानं असतात. पहिलं पान ज्या बाजूला पडतं तिला थोडा फायदा असतो, ती बाजू साधारण ५१.५ टक्के वेळा जिंकते, दुसरी ४८.५ टक्के. मग कॅसिनो काय करतो, पहिल्या बाजूला शंभराला नव्वदच देतो आणि दुसरीला पूर्ण शंभर. हिशोब घाला: पहिल्या बाजूला ०.५१५ गुणिले ९० म्हणजे ४६.३५ आले, गेले ४८.५, तोटा शंभरामागं २.१५. दुसऱ्या बाजूला आले ४८.५, गेले ५१.५, तोटा बरोबर ३ रुपये. मामा दोन्हीकडं मनाला येईल तसं लावतात, म्हणून आपण अडीच टक्के धरू. (वेगवेगळ्या जहाजावर पैसे द्यायचे नियम थोडे वेगळे असतात, मामांच्या टेबलावर हे होते. कितव्या पानावर डाव सुटेल असल्या साइड बेटा तर धरूच नका, तिथं कट मोठा असतो.) सरासरीनं तेराव्या पानाला डाव सुटतो, म्हणजे पैसे देणं-घेणं धरून मिनिट-सव्वा मिनिट, तासाला पन्नास डाव.

पाच तासाचे २५० डाव, दोन हजारानं पाच लाख. त्याचे अडीच टक्के १२,५००.

रुलेटच्या त्या चाकावर दोन शून्यं होती, म्हणजे ३८ घरं आणि पैसे मात्र ३६ घरांच्या हिशोबानं, हाऊस एज ५.२६ टक्के. एक शून्याचं चाक असतं तर २.७ झाला असता, जवळजवळ निम्मा, पण मामांनी चाक बघितलंच नाही, मोकळी खुर्ची बघितली. तासाला ४० फेऱ्या धरल्या तर ६० फेऱ्या, ९०,००० रुपये, त्याचे ४,७३४. दोन्ही मिळून १७,२३४.

इथं मामा अडले आणि सगळेच इथंच अडतात. "अडीच टक्के म्हणतोस ना, मग साठ हजाराचे अडीच टक्के दीड हजारच होतंय की." नाही ओ मामा! अडीच टक्के खिशातल्या पैशावर नाही, लावलेल्या पैशावर. तेच साठ हजार फिरून फिरून त्या रात्री एकूण ५ लाख ९० हजारांची बेट लागली. तीच चिप जिंकून परत लावली की तिच्यावर परत कट, परत लावली की परत. म्हणून साठ हजार घेऊन गेलेल्या माणसाचा हिशोबी तोटा सतरा हजार, म्हणजे खिशाच्या २८-२९ टक्के. हाऊस एज लहान असला तरी डाव भराभर होतात आणि खुर्ची मऊ असते. खिडकी-घड्याळ नाही, जहाजावर तर लगेच उठून जाता पण येत नाही, होडी येईपर्यंत थांबा, आणि थांबेपर्यंत अजून चार डाव.

आता फुकट मिळालं त्याची किंमत. बोर्डावरचा ७,५०० हा रेट कुणीच देत नाही. कॅसिनोनं दिली नसती तर मामा पणजीत अडीच हजाराच्या लॉजवर राहिले असते, त्यांच्यासाठी त्या रूमची किंमत तेवढीच. जेवण-दारू ३,००० ची म्हणतात, पण स्वतःच्या पैशानं ते बाराशेच्या वर गेले नसते, आणि एंट्री पॅकेज ते दीड हजाराला सुद्धा विचार करून घेतात. एकूण ५,२००. सतरा हजार दोनशेच्या ३० टक्के! हा आकडा मी जुळवून आणलेला नाही, जगभर कॅसिनोंचा ठोकताळा असाच आहे, थिओच्या २० ते ४० टक्के गिऱ्हाइकाला कॉम्पमध्ये, म्हणजे असल्या फुकटच्या रूम-जेवणात, परत द्यायचे. आणि त्यांचा स्वतःचा खर्च तर त्याहून कमी, कारण मंगळवारी रात्री रिकामी राहणारी रूम तुम्हाला दिली तर त्यांचं जातं काय, दोन चादरी आणि एक साबण.

म्हणजे मामांचा खरा हिशोब: हिशोबी तोटा १७,२३४, परत मिळालं ५,२००, निव्वळ किंमत १२,०३४. ही त्या रात्रीच्या मजेची किंमत आहे, साडेसहा तासांची. मला त्यात वाईट काही वाटत नाही, बाराशे रुपयांचं क्रिकेटचं तिकीट काढून लोक उन्हात बसतात. पण बारा हजाराची वस्तू "फुकट" म्हणून घेतली की माणूस ती जास्त घेतो.

मग त्या रात्रीचे ३८,००० आणि आधीच्या खेपेचे अधिक २२,००० कुठं गेले? ते नशिबाचं हेलकावणं. या सगळ्या बेटा धरून एका रात्रीचा चढउतार काढला तर तो साधारण ३३,००० च्या आसपास येतो, म्हणजे सरासरी वजा सतरा हजार पण त्याच्या अलीकडं पलीकडं तेहतीस हजार सहज. त्यामुळं दहातल्या तीन रात्री माणूस जिंकूनच येणार, आणि त्या तीनच रात्रींच्या गोष्टी तो गल्लीत सांगणार. मामांचा गोंधळ इथंच होता, एक जिंकलेली आणि एक हरलेली ट्रिप समोर ठेवून ते म्हणत होते बरोबरीत आहे. अशाच दहा रात्री झाल्या तर हिशोबी तोटा पावणेदोन लाखाच्या घरात, चढउतार मात्र एक लाखाच्या थोडा वर, कारण चढउतार वर्गमुळानं वाढतो आणि तोटा सरळ वाढत जातो. दहा रात्रींनंतर पुढं असायची शक्यता वीसात एक. कॉम्प दिलेल्या रूमा मोजल्या तरी पन्नास हजारांनी ते भरत नाही.

यानंतर होस्टचा फोन आला, आणि माझ्या मते प्रकरणाचा खरा गाभा हाच. होस्ट म्हणजे कॅसिनोचा माणूस, मोठी गिऱ्हाइकं सांभाळणारा. गोड बोलतो, मामांच्या मुलीची परीक्षा कधी आहे हे पण त्याला माहीत. तो म्हणाला, मामासाहेब, पुढच्या वेळेला सहा तास बसा आणि ॲव्हरेज तीन हजार ठेवा, सूट रूम देतो, बेळगावातून गाडी पण पाठवतो. मामा खूष. मामींना पण नेऊ म्हणाले.

मी फक्त वाढीव भाग काढला. सहा तास, तासाला पन्नास, तीन हजार: नऊ लाख लागले, अडीच टक्के २२,५००. आधी अंदर बाहरवर १२,५०० होते. म्हणजे दहा हजार जास्तीचा तोटा कबूल करून मिळणार काय, तर साध्या रूमच्या जागी सूट आणि गाडी. मामांना विचारलं, ही सूट तुम्ही स्वतः किती जास्त देऊन घेतली असती? "कशाला देतोय, झोपायला तर जातोय पहाटे चारला!" मग गाडी? स्वतःची आहे, डिझेल जाऊन-येऊन फार नाही. त्यांच्या तोंडूनच उत्तर आलं. कॅसिनो वाढीव दहा हजारातले तीनएक हजार परत देतो आणि सात हजार ठेवून घेतो. खेळणारच होता त्यावर कॉम्प मिळालं तर ती सवलत आहे, घ्यावी, सोडू नये. पण कॉम्पसाठी बेट वाढवली की तुम्ही तीन रुपयाच्या वस्तूला दहा रुपये मोजता. सगळा धंदा या एका फरकावर चालतो असं माझं मत.

मामांचा निपाणीचा मित्र, तंबाखूवाला, त्यानं मध्येच काढलं की मला तर ते हरलेल्यातले दहा टक्के परत देतात, ते तर खऱ्या तोट्यावर झालं ना? हो, ही वेगळी चीज आहे आणि कॉम्पपेक्षा समजायला अवघड. मामांच्या आकड्यावर काढलं तर एका रात्रीचा सरासरी तोटा, जिंकलेल्या रात्री शून्य धरून, साडेतेवीस हजाराच्या आसपास येतो, त्याचे दहा टक्के म्हणजे दोन हजार तीनशे-चारशे. ऐकायला भारी, किंमत तेवढीच. वीस टक्के असतील तर चार हजार सातशे. हा रिबेट उलटवून खाल्लेला एकच माणूस सगळीकडं सांगतात, डॉन जॉन्सन म्हणून अमेरिकन, घोड्यांच्या रेसच्या हिशोबाच्या धंद्यातला. २००८ च्या मंदीनंतर अटलांटिक सिटीचे कॅसिनो मोठ्या गिऱ्हाइकासाठी हापापले होते, तेव्हा त्यानं आधी ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या गेमचे नियम एकेक करून आपल्या बाजूला वळवून घेतले, हाऊस एज पाव टक्क्यावर आणला, आणि वर हरल्यास वीस टक्के परत. मग हाताला लाख डॉलरपर्यंत लावून २०११ पर्यंत तीन कॅसिनोंकडून मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास घेऊन गेला. इथं महत्त्वाचं काय, पाव टक्क्याच्या गेमवर वीस टक्के रिबेट मिळाला म्हणून जमलं. अडीच टक्क्याच्या गेमवर दहा टक्के रिबेटनं काही होत नाही, फक्त निपाणीवाल्यांना हरताना बरं वाटतं.

रेटिंगमध्ये, म्हणजे सुपरवायझर तुमच्या नावापुढं लिहितो त्या आकड्यांत, काही फिरवता येतं का? थोडंसं येतं. टेबलावरचं रेटिंग हे माणसाच्या डोळ्याचं काम आहे, पहिल्या चार-पाच बेटा बघून तो सरासरी लिहितो, म्हणून काही लोक सुरुवातीला मोठं लावून मग हळूच खाली येतात. भरलेल्या टेबलावर बसायचं, कारण डाव सावकाश होतात आणि तास तेवढेच मोजले जातात. सिगारेटला उठलं तरी चिप टेबलावरच. पण हे करायला डोकं थंड लागतं, आणि तिथं तिसऱ्या पेगनंतर डोकं कुणाचं थंड राहतंय? दारू हे सगळ्यात महागडं कॉम्प. अंदर बाहरमध्ये पिऊन खेळा की न पिता, टक्का तोच, कारण त्यात अक्कल लागतच नाही. दारू वाढवते ती बेटची रक्कम आणि बसायचे तास, म्हणजे गुणाकारातल्या नेमक्या त्या दोन गोष्टी ज्या तुमच्या हातात होत्या. ब्लॅकजॅकवाल्याचं तर अजून वाईट, त्याचा टक्का पण बिघडतो.

ओटीपी चिपांचं पण सांगतो, पॅकेजसोबत देतात त्या, वन टाइम प्ले. या चिपा काउंटरवर वटत नाहीत, एकदा लावल्या की जिंका नाहीतर हरा, चिप जाते, जिंकलात तर फक्त जिंकलेली रक्कम खऱ्या चिपांत मिळते. मामा हजाराची ओटीपी म्हणजे हजार रुपये धरून चालले होते. अंदर बाहरवर लावली तर तिची किंमत फक्त ४६०-४८५, कारण निम्म्याहून थोड्या कमी-जास्त वेळाच काही मिळणार. पण तीच रुलेटच्या एका आकड्यावर लावू देत असतील तर ३८ मध्ये एकदा ३५,००० मिळतात, किंमत ९२० च्या आसपास! असल्या चिपा लांबच्या आकड्यावर लावायच्या, पण बऱ्याच ठिकाणी नियम करून ते बंद केलेलं असतं, टेबलावरची पाटी वाचावी. हे एकच ठिकाण जिथं मामांना माझ्या हिशोबानं रोख फायदा झाला असता, आणि ते बरोबर विसरून जातात.

कराचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत जीएसटी चिप विकत घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला, आधी तो कॅसिनोच्या कमाईवर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जिंकून परत लावलेल्या पैशावर नाही, फक्त खरेदीवर. मामांचे साठ हजार घ्या, त्याचे २८ टक्के १६,८००, म्हणजे कॅसिनोचा जवळजवळ आख्खा थिओ सरकारकडं गेला! ४० टक्क्यात तर २४,०००, थिओच्या वर. मग हा कर कॅसिनोनं सोसायचा तर रूम कशातून देणार, आणि गिऱ्हाइकानं सोसायचा तर मामा खुर्चीवर बसायच्या आधीच तेवढे मागं. त्यामुळं माझा २०२३ चा हिशोब आज जसाच्या तसा लावू नका. काउंटरवर आधी एकच विचारायचं, साठ हजार दिले तर हातात चिपा कितीच्या येणार? उत्तर ऐकून मग बाकीचं गणित. आणि जिंकलेल्या पैशावर आयकर ३० टक्के, वर सरचार्ज-सेस, हरलेलं त्यातून वजा होत नाही, हे मी त्यांना दर मार्चला सांगतो आणि ते दर मार्चला कानाला हात लावून "असं कसं?" म्हणतात.

शेवटी मामांनी काय केलं. खेळणं सोडलं नाही, मी सांगितलं पण नव्हतं. हजाराची बेट, तीन तास, दीड लाख लागले, हिशोबी तोटा ३,७५०, आणि स्वतःच्या अडीच हजारानं लॉज. एकूण सव्वासहा हजार, आधीच्या बारा हजाराच्या जवळपास निम्मं, आणि आता करामुळं वर जे काही लागेल ते चिपा कमी घेतल्यानं तेवढंच कमी. होस्टचे फोन आता महिन्याला येतात, पूर्वी आठवड्याला यायचे. मामांना ते लागलं थोडं, खोटं कशाला बोला. "मला विसरला बघ तो पोरगा," म्हणाले. विसरला नाही मामा, तुमचं कोटेशन खाली आलं.

निपाणीवाले मात्र अजून सूटमध्ये राहतात. त्यांचं म्हणणं मला परवडतंय, आणि खरंच परवडतं त्यांना, आकडा सांगून झालाय, पुढं त्यांची मर्जी. त्यांनी आता वहिनींच्या स्लॉट मशीनचं कार्ड माझ्याकडं पाठवलंय. मशीनवर रेटिंग डोळ्यानं होत नाही, कार्ड घातलं की प्रत्येक रुपया मोजला जातो. वहिनी फेरीला वीस रुपये लावतात, तासाला पाचशे फेऱ्या आरामात होतात, चार तासाला चाळीस हजार लागले. मशीनचा कट बाहेर कुठंच लिहिलेला नसतो, पण पाच ते दहा टक्क्यांच्या मध्ये धरला तर दोन ते चार हजार. कार्डावर पॉइंट जमलेत ८० रुपयांचे, आणि ते पण पुढच्या महिन्यात संपतात.